सव्वाशे विसा आणि वरची एक

भागीरथा पवनीहून विणकरांच्या तांडापेठेत राहायला आली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी तिच्या कानावर ते भांडण पडलं. साल एकसष्ट. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दिरानं हातमागसुद्धा विकून टाकलेला. म्हणून भाऊ रुपराव जाऊन तिला घेऊन आला होता. पस्तिशीची बाई, एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. भावाच्या अंगणात ती चहाची कपबशी घेऊन बसली होती. नव्या घरी पहिल्या सकाळी जसं अंग चोरून बसतात तसं. तेवढ्यात कुडापलीकडून आवाज आले.

"सव्वाशे विसा सांगतल्या होत्या न मी तुले?"

"सांगतल्या."

"मंग ही वरची वीस कोणाची?"

"देवाची."

"देव लुगडं नेसते काय वं, जिजाबाई?"

"तू नेसशीन तवा तुह्यासाठी वेगळी काढीन गा महादेवा. आत्ता देवाची आहे."

भागीरथेनं बशी खाली ठेवली आणि कुडाच्या फटीला डोळा लावला. पलीकडे साठीची एक वाळकी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर स्वच्छ धोतरातला, पोट सुटलेला माणूस. हा महादेवराव, सुताचा व्यापारी. विणकरांना सूत द्यायचं आणि लुगडी न्यायची हा त्याचा धंदा. आणि ती जिजाबाई, गल्लीतली ताणा करणारी.

ताणा म्हणजे लुगड्याचे उभे धागे. आडवे धागे विणकर मागावर बसून भरतो, त्याचं कौतुक सगळे करतात. पण उभे धागे आधी कोणीतरी मोजून, ओळीनं लावून द्यावे लागतात, आणि ते काम बायांचं. गल्लीच्या दोन टोकांना खुंट्या ठोकायच्या, हातात सुताच्या चार फिरक्या घ्यायच्या आणि या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत चालायचं. जाताना चार धागे, येताना चार. पाच वेळा गल्ली ओलांडली की वीस धागे झाले. त्यावर तांबड्या दोऱ्याची एक गाठ. अशा गाठी किती, तर सव्वाशे आणि वर एक. शाळेत गेलेल्यांच्या भाषेत दोन हजार पाचशे वीस धागे. काठाचे निराळे, हे नुसत्या अंगाचे. पायांत वहाण नाही, डोक्यावर ऊन, आणि तोंडानं बोलायचं नाही, कारण बोललं की मोजणी चुकते. लुगडं विणणाऱ्याचं नाव होतं, विकणाऱ्याची इमारत होते, आणि चालणारीच्या वाट्याला तळपायाच्या भेगा येतात.

महादेवराव त्या दिवशीही पुटपुटत गेला. दर ताण्याला तो हेच विचारायचा आणि दर ताण्याला जिजाबाई हेच सांगायची.

तो गेल्यावर जिजाबाई कुडाकडे वळून म्हणाली, "फटीतून काहून पायते वं? ये इकडं. पवनीची न तू? तुमच्याकडं कितीचा ताणा?"

"सव्वाशे विसा आन् वर एक."

"आईकलं काय गा महादेवा?" जिजाबाई रिकाम्या गल्लीकडे बघून म्हणाली. "पवनीचाही देव तेवढंच घेते."

भागीरथेला ताणा आईनं शिकवला होता. जिजाबाईनं तिची परीक्षा घेतली. तयार ताणा पुढ्यात टाकला आणि म्हणाली, हा बरोबर आहे का पाहून सांग. गाठी तर कोणीही मोजेल, पण गाठीत एकोणीस धागे असले तर? म्हणून ताणेवाल्या बाया गाठींकडे न बघता पुन्हा एकदा धागे मोजायच्या, आणि प्रत्येकीची सवय वेगळी. भागीरथा आठ-आठच्या जुड्या करत गेली. शेवटच्या जुडीत आठच आले, काही उरलं नाही.

"आठानं मोजते होय?" जिजाबाई म्हणाली. "मी सातानं मोजते. माही माय नवानं मोजे. सात आले, आठ आले, नऊ आले, ताणा पुराच्या पुरा. एक जास्त पडला तं सातानंही एक उरते, आठानंही एकच उरते, नवानंही एकच. कोणत्याही बाईनं मोजावं."

"असं काहून?"

"देवाची वीस आहे न वर. म्हणून."

भागीरथेनं मान हलवली. पण हे उत्तर तिला पटलं नाही. देवाला वीस धागे द्यायचे तर देवळात न्यावे. इथं तर ते लुगड्यातच विणले जातात आणि लुगडं कोणी भलतीच बाई नेसते.

दोन-तीन वर्षांत जिजाबाईच्या डोळ्यांवर पडदा आला आणि गल्लीच्या खुंट्या भागीरथेकडे आल्या. रोज सकाळी भाकरी खाऊन ती फिरक्या घ्यायची. गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा तिच्या चालीच्या आड येत नव्हत्या. जिजाबाई ओट्यावर बसून चिंचोके निवडायची. भाजून, कुटून त्यांची खळ शिजवत आणि ती सुताला चढवत, म्हणून घराघरांत चिंचोक्यांचं एक पोतं असायचंच. डोळ्यांनी दिसत नसलं तरी मधूनच ती ताण्याला हात लावून सात-सात मोजायची आणि म्हणायची, "पुरा आहे. जाऊ दे."

त्या दहा-बारा वर्षांत भागीरथेचा एकही ताणा परत आला नाही. कोणी तसं म्हणूनही दाखवलं नाही. ज्याचं काम बिनचूक असतं त्याच्याविषयी कोणी बोलत नाही, हा जगाचा कंजूषपणा आहे.

त्र्याहत्तर साली विणकरांची सोसायटी निघाली. अध्यक्ष कोण, तर तोच महादेवराव, कारण खुर्ची त्याच्याच घरची होती. आणि चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोसायटीत डिझाइन मास्तर आला. नाव वामनराव. तरणाताठा, पँटीत, खिशाला दोन पेनं, तोंडात पुस्तकातली मराठी. वाईट माणूस नव्हता. नुसता हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कोणीतरी फार लहानपणी सांगितलं होतं.

आठवडाभर तो मागामागांवर फिरला. मग भागीरथेच्या खुंटीपाशी येऊन उभा राहिला.

"बाई, ताण्यात धागे किती?"

भागीरथेनं गाठ मारून घेतली, मग सांगितलं, "सव्वाशे विसा आन् वर एक."

"म्हणजे दोन हजार पाचशे वीस. अडीच हजार का नाही? वरचे वीस कशासाठी?"

ओट्यावरून जिजाबाईनं उत्तर दिलं. डोळे गेले होते, कान शाबूत होते. "देवाची वीस आहे ते, बापा."

वामनराव हसला. वहीत काहीतरी लिहिलं. लिहिताना जे हसतात त्यांचं लिहिणं आपल्याला भोवतं, हे भागीरथेला त्या वेळी कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी सोसायटीत सगळ्या विणकरांपुढं त्यानं भाषण केलं. जुनी अंधश्रद्धा, सुताची नासाडी, आता पद्धतशीर काम व्हायला पाहिजे. तेवढ्यावर थांबता तर चाललं असतं. पण महादेवराव खुर्चीतून म्हणाला, "मास्तर, मी पंधरा-वीस वर्सांपासून विचारून राहिलो. वरची वीस देवाची म्हणतात, पण देवाच्या घरी जाते का बाईच्या घरी, कोणाले माहीत?"

लोक हसले. आणि मास्तरनंही, बहुधा अध्यक्षाला बरं वाटावं म्हणून, म्हटलं, "तीही शक्यता तपासावी लागेल."

एवढंच. पण संध्याकाळपर्यंत तांडापेठेत भागीरथेचं नाव 'वीसबाई' पडलं. नळावर कोणीतरी म्हणालं, "वीसबाई, तुमचा हंडा भरून वर एक लोटा देवाचा काय?" बाया फिदीफिदी हसल्या. त्यांतल्या दोघींच्या लग्नाच्या लुगड्यांचा ताणा भागीरथेनं काढला होता. भागीरथेनं हंडा तसाच अर्धा उचलला आणि घरी आली.

हंडा अंगणात आदळून ती कुडापलीकडे गेली. तिनं पहिला राग काढला तो जिजाबाईवर. "देवाची, देवाची करून तुमीच त्या महादेवरावले बोलाले तोंड देल्लं. देवानं मागतली होती काय तुमाले?"

"माह्या मायनं सांगतलं होतं वं."

"मायले कोणी सांगतलं?"

जिजाबाई पुन्हा चिंचोके निवडू लागली. सत्तरी ओलांडलेल्या बाईला कोणी असं विचारलं नव्हतं.

हुकूम आला: ताणा सव्वाशे विसांचा, वरची वीस बंद. भागीरथेनं हुकूम मानला. साध्या पांढऱ्या लुगड्यांत काही बिघडलं नाही. सूत थोडं वाचलं, आणि वाचलेल्या सुताकडे बोट दाखवून महादेवराव म्हणाला, "पाहा, इतकं जात होतं." म्हणजे चोरी पक्की झाली.

मग दिवाळीसाठी मास्तरनं नवं डिझाइन काढलं. अंगभर बारीक निळ्या रेघा: सहा धागे पांढरे, तीन निळे, पुन्हा सहा पांढरे, तीन निळे. नऊ-नऊची रेघ. कागदावर फार सुरेख दिसत होती. भागीरथेनं पहिला ताणा लावला आणि शेवटाला येऊन थांबली. फिरक्या खाली ठेवून ती सोसायटीत गेली.

"मास्तर, शेवटची रेघ पुरी होत नाही. इकडं काठाजवळ तीन निळे, तिकडं एकच येते."

"कागदावर बसतं, बाई."

"कागदावर बसत असन. खुंटीवर बसत नाही."

"तुम्ही वीस सोडायला तयार नाही, ते मला समजतं." असं म्हणून त्यानं पेनाचं टोपण लावलं. बोलणं संपलं.

चाळीस लुगडी विणली गेली. रुपरावनं विणली, समोरच्या दादाजीनं विणली. दादाजी मधूनच म्हणे, "बाई, हे एका कडेले रेघ आन् दुसऱ्या कडेले केस दिसून राहिला." पण हुकूम म्हणजे हुकूम. पंधरा दिवसांत चाळीसच्या चाळीस लुगडी बाजारातून परत आली. एका काठाशी निळी रेघ, दुसऱ्या काठाशी निळा एकटा धागा. सणाला असलं लुगडं कोण नेसेल?

आणि मग मास्तर आणि अध्यक्ष यांनी डोकी एकत्र करून शोध लावला की शेवटच्या रेघेतले दोन निळे धागे बाईनं मारले.

हा निरोप रुपरावनंच आणला. अंगणात उभा राहून, मान खाली घालून. "ताई, रविवारी मीटिंग आहे. तोवर ताण्याचं काम बंद म्हणते. आन् चोरी निघाली तं कायमचं."

भागीरथा चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली. "वीस धागे चोरले म्हणत होते, तवा निदान चोराले शोभंन असा आकडा होता. दोन धाग्यांचं मी काय शिवणार होती रे? उंदराची चड्डी?"

रुपरावला हसू आलं, पण बहिणीचं तोंड बघून त्यानं ते गिळलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

ताणा गेला तर ती भावाच्या चुलीवरची आश्रित होणार होती. तीही गोष्ट सोसता आली असती, विधवा बाईला सोसायची सवय असते. पण चोर? पायी चालून चालून ज्या बाईनं सगळ्या पेठेच्या बाया नेसवल्या, तिनं उरलेलं आयुष्य नळावर वीसबाई म्हणून काढायचं?

ती उठली, जिजाबाईकडे गेली आणि चिंचोक्यांचं पोतं ओट्यावर ओतलं.

"काय करतं वं?"

"देवाचा हिशोब पायतो."

आधी तिनं वीस-वीसचे ढीग घातले, एकशे सव्वीस. मग ते सगळे मोडले आणि तीनच्या जुड्या केल्या. उरलं काही नाही. चारच्या केल्या, पुऱ्या. पाचच्या, सहाच्या, पुऱ्या. सात, आठ, नऊ तर माहीतच होतं, तरी घातले. रागावलेल्या माणसानं माहीत असलेलंही पुन्हा पाहावं. दहाच्या पुऱ्या. मग अकराच्या केल्या, तर एक चिंचोका उरला. तो तिनं बराच वेळ बोटात धरून पाहिला. चार दिवस हेच. भाकरी झाली की चिंचोके. जिजाबाई जुड्या लावायला हात द्यायची, पण सात झाले की थांबायची, तिच्या हाताला तेवढंच वळण होतं.

"इकडं सात-सात करता तुमी," भागीरथा जुड्यांकडे बघत म्हणाली, "तुमची माय नऊ-नऊ, मी आठ-आठ. आन् विसाची गाठ तं पाच फेऱ्यायची, हाताच्या पाच बोटांवर." बोलता बोलता ती थांबली. "जिजाबाई, कोणत्याही बाईनं मोजलं तरी पुरं आलं पायजे, म्हणून कोणीतरी हा आकडा बसवला आहे. सातवाली, आठवाली, नऊवाली कवातरी भांडल्या असतीन, की तुह्या मोजण्यात माहा ताणा कमी येते. मंग कोण्या शहाण्या बाईनं वर एक वीस टाकून सगळ्यायचं भांडण मिटवलं."

"मंग देवाची नाही म्हणतं?"

"बाईची आहे. कोणी कोणाले चोर म्हणू नये म्हणून." आणि तिचा आवाज चढला. "आन् याच विशीपायी मले चोर म्हणून राहिले."

रविवारी भर दुपारी सोसायटीत चाळीस-पन्नास माणसं जमली. भागीरथा डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत चिंचोके. मागून रुपरावच्या खांद्याला धरून जिजाबाई.

महादेवराव म्हणाला, "हे काय, खळ शिजवाची आहे काय इथं?"

"शिजंन, महादेवराव. आधी मास्तरले एक विचारतो." ती खाली बसली. "मास्तर, दहाच्या आतला कोणताही आकडा सांगा. तेवढ्या धाग्यायची रेघ आहे समजा. जुन्या ताण्यात ती पुरी बसते की नाही, मी तोंडानं सांगतो, तुमी कागदावर करा."

वामनरावनं अध्यक्षाकडे पाहिलं. "सात," तो म्हणाला.

"अठरा विसा रेघा. उरलं काही नाही."

त्यानं वहीत भागाकार केला. अठरा विसा म्हणजे तीनशे साठ, हे त्याला आधी वहीच्या कोपऱ्यात मांडावं लागलं. "बरोबर. आठ?"

"पंधरा विसा आन् पंधरा."

"तीनशे पंधरा. बरोबर. सहा?"

"एकवीस विसा."

"नऊ?"

"चौदा विसा. दहा म्हणान तं बारा विसा आन् बारा. पाच, चार, तीन, दोन, कोणताही घ्या."

मागून दादाजी म्हणाला, "अकरा विचारा मास्तर, अकरा." त्याला वाटलं, बाईला अडकवण्यात गंमत आहे.

"अकरानं एक उरते, दादाजी," भागीरथा मान न वळवता म्हणाली. "मी मोजून आली. माणसाले दहा बोटं आहेत, तितक्यापुरतं आमी पाहून ठेवलं. तुमाले अकरावं फुटलं असन तं वेगळा ताणा काढून देईन."

हशा पिकला, आणि या वेळी तो तिच्या बाजूनं होता. पण ती हसली नाही. तिनं चिंचोक्यांचे वीस-वीसचे ढीग मांडायला सुरुवात केली. चार-सहा जण मदतीला बसले. एकशे सव्वीस ढीग झाले, तेव्हा तिनं त्यातला एक उचलला आणि पदरात टाकला.

"ही वरची वीस. तुमी म्हणाले, काढ. काढली. आता राहिलेल्यायच्या नऊ-नऊच्या रेघा करा. तुमच्या हातानं करा, नाही तं म्हणान बाईनं खाल्ले."

मास्तर खुर्चीवरून उठला. पँटीला धूळ लागेल म्हणून क्षणभर थांबला, मग उकिडवा बसला. नऊ-नऊचे ढीग लावायला पाऊण तास गेला. कोणी उठून गेलं नाही. शेवटी त्याच्यापुढं चिंचोके उरले ते सात.

"सहा पांढरे," भागीरथा एकेकावर बोट ठेवत म्हणाली, "आन् हा एक निळा. नवाले दोन कमी. हे पाहा तुमचे दोन निळे धागे, मास्तर. कोणी मारले नाही. तुमी मागतलेच नव्हते."

वामनराव त्या सात चिंचोक्यांकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः गल्लीत आला. हातात आकड्यांनी भरलेले तीन-चार कागद. "बाई, मी पाहिलं," तो म्हणाला. आवाजात आता पुस्तक नव्हतं. "एकपासून दहापर्यंत प्रत्येकानं पूर्ण भाग जातो, असा याहून लहान आकडाच नाही. पाच, सात, आठ, नऊ यांचा एकमेकांशी गुणाकार केला की हाच येतो. यानंतरचा असा आकडा थेट याच्या दुप्पट. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"माह्या मायनं आठ शिकवले. जिजाबाईच्या मायनं नऊ. गुणाकार कोणी केला ते माहीत नाही, तिचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही." भागीरथेनं फिरक्या उचलल्या होत्या, त्या तशाच धरून ती उभी राहिली. तिला एक वाक्य ऐकायचं होतं. मास्तर कागदांविषयीच बोलत राहिला. किती सुंदर आकडा आहे, असं तो दोनदा म्हणाला. सुंदर तर होताच. पण आकड्याला कोणी चोर म्हटलं नव्हतं.

आठ दिवसांनी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली. रुपरावनं वाचून दाखवली: सर्व विणकरांना कळवण्यात येते की यापुढे सुधारित ताणा दोन हजार पाचशे वीस धाग्यांचा राहील, सुधारणा डिझाइन मास्तर यांची.

"सुधारित?" भागीरथा म्हणाली.

"तसं लिवलं आहे, ताई."

"आन् चोरीचं?"

"त्याचं काही नाही लिवलं."

ती तशीच अध्यक्षाकडे गेली. महादेवराव झोपाळ्यावर बसून संत्रं सोलत होता. "जाऊ द्या न बाई," तो म्हणाला. "काम सुरू झालं न? झालं गेलं." आणि त्यानं संत्र्याच्या दोन फोडी पुढं केल्या.

"फोडी मोजून ठेवा, महादेवराव," भागीरथा म्हणाली. "मागून कमी निघतीन." आणि परत फिरली.

त्या दिवसापासून तिनं एक रीत पाडली, ती कोणी मोडू शकलं नाही. ताणा पोचवला की ती दारात बसायची. "मोजून घ्या." विणकर म्हणायचा, अवो, तुमचं काय मोजायचं. ती म्हणायची, मोजा. घाई असो, सण असो, बाहेर पाव्हणे बसलेले असोत. गाठी मोजून तोंडानं आकडा सांगितल्याशिवाय ती उठायची नाही. कोणी चिडायचे, कोणी तिच्या मागं नकला करायचे. पण सगळे मोजायचे. जी पेठ ऐकीव गोष्टीवर तिला चोर म्हणाली होती, त्या पेठेला तिनं दर ताण्यागणिक बोटं हलवायला लावली. जिजाबाई गेली त्याच्या आदल्या महिन्यातही तिनं चाचपडत सात-सात मोजले आणि विचारलं, "देवाची नाही म्हणतं न वं?" भागीरथा म्हणाली, "तुमची म्हणा पायजे तं." म्हातारी खूश झाली.

एक्याऐंशी साली वामनरावची बदली झाली. जायच्या आधी तो बायकोसाठी एक लुगडं विणून घ्यायचं म्हणून आला. ताणा तयार झाल्यावर भागीरथेनं त्यालाही अंगणात बसवलं. त्यानं गाठी मोजल्या, मग आपल्या मनानं पुन्हा नवानं मोजलं.

"पूर्ण आहे, बाई."

"हा आजचा झाला. आन् चौऱ्याहत्तरचे?"

वामनराव वहाणा घालत होता. आता त्याचे केस कानाशी पिकले होते. "तेही पूर्ण असतील," तो हळूच म्हणाला.

सात वर्षांनी एवढं मिळालं, आणि त्यातही 'असतील'. त्या दिवशी ती भावजयीशी विनाकारण भांडली.

पुढं पॉवरलूमचा खडखडाट सुरू झाला. गल्लीतले माग एकेक करून निघाले, कोणी कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला लागला, कोणी लकडगंजात हमाली धरली. सत्त्याऐंशीपर्यंत तीन माग उरले, त्यांतला एक दादाजीचा. भागीरथेला खोकला लागला होता. रुपरावनं धंतोलीतल्या दवाखान्यात दाखवलं, तर डॉक्टर म्हणाला, सुताच्या धुळीत जाऊ नका. ती म्हणाली, बरं. आणि दादाजीचा ताणा पुरा केला, कारण तो अर्ध्यावर होता.

तो तिचा शेवटचा ताणा ठरला, पण ते तिला माहीत नव्हतं आणि दादाजीलाही नव्हतं. दुपारी तिनं तो नेहमीसारखा गुंडाळला, फडक्यात बांधला, डोक्यावर घेतला. वाटेत दोनदा थांबून खोकली. दादाजीच्या दारात गठडी उतरवून ती उंबऱ्यावर बसली.

"मोजून घ्या, दादाजी."

"तेरा वर्सं झाले वं भागीरथाबाई. एकदा तरी कमी निघाला काय?"

"म्हणूनच मोजा."

दादाजीनं चष्मा लावला. तो आता सत्तरीचा. तांबड्या गाठींवर बोट फिरवत गेला. मधेच नात पाणी घेऊन आली तर हातानं तिला थांबवलं, बोलला नाही. भागीरथा त्याच्या बोटाकडे बघत होती. एकही गाठ सुटू देणार नव्हती.

"सव्वाशे," दादाजी म्हणाला.

"आन्?"

"आन् वरची एक."

"पुरा आहे?"

"पुरा आहे, बाई."

ती भिंतीला धरून उठली. नातीच्या हातचं पाणी प्याली, रिकामं फडकं झटकून चारपदरी घडी केली, काखेत मारली आणि घरी गेली.